टायरची नक्षी सोड, साइडवॉल वाच

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २६ इंची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, मागच्या चाकात ४८ व्होल्टचं हब मोटर किट (चाकाच्या मधोमध बसणारी मोटर), सपाट रस्त्याला ४५ पर्यंत पळते, रोज मुलुंड ते बीकेसी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने ये-जा, तुझं वजन ८५, पाठीला लॅपटॉपची सॅक, टायर मात्र सायकलसोबत आले तेच ठोकळ्या नक्षीचे २.१२५. आणि विचारतोयस की एवढ्या स्पीडला कुठला टायर सेफ, मोपेडचा टायर बसवता येईल का, आणि दुकानवाला म्हणतो जाड नक्षीचा घे पावसात धरेल, ते खरं का. काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय. चाकं बांधायची, किटं बसवायची आणि दुसऱ्यांनी बसवलेली किटं नीट करायची हाच माझा धंदा आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार, चहा घेऊन बस.

नक्षीचं आधी निपटून टाकू कारण सगळ्यात जास्त पैसे लोक तिथेच घालवतात. कारचा टायर रुंद आणि चपटा असतो, त्याच्याखालचं पाणी बाजूला पडायला वाट लागते म्हणून खोल खाचा. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि त्यात हवा कारपेक्षा जास्त दाबाची, तो पाणी आपसूक कापत जातो. विमानाच्या टायरसाठी नासाने एक सूत्र काढलंय, टायर पाण्यावर तरंगायला लागायचा स्पीड हा हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून, त्यात ४५ पीएसआय घातलं तर उत्तर ताशी ११० किलोमीटरच्या वर येतं. म्हणजे तुझी सायकल ४५ ला पाण्यावर तरंगणारच नाही, नक्षी असो वा नसो. तू घसरणार तो पेव्हर ब्लॉकवर, झेब्रा क्रॉसिंगच्या जाड रंगावर, मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटवर, गटाराच्या झाकणावर, आणि जूनच्या पहिल्या सरीत जेव्हा रस्त्यावरचं वर्षभराचं ऑइल वर येतं तेव्हा. ह्यातल्या एकाही ठिकाणी नक्षी कामाला येत नाही, कारण तिथे नक्षीला रुतायला काही नसतंच, तिथे फक्त रबर किती मऊ आहे आणि तू हँडल-ब्रेक किती शांतपणे हाताळतोस एवढंच चालतं.

उलट ठोकळ्या नक्षीचं डांबरी रस्त्यावर नुकसानच आहे. मातीत, आरेच्या आतल्या कच्च्या वाटेवर ते ठोकळे रुततात, तिथे त्यांचं काम आहे. पण डांबरावर किंवा काँक्रीटवर वजन चार-सहा ठोकळ्यांच्या टोकावर येतं, रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं, आणि वळणावर सायकल कलली की ते ठोकळे मुळापासून वाकतात. २० च्या स्पीडला हे कळतही नाही. ४० ला कळतं, चाक जरासं बाजूला सरकल्यासारखं वाटतं, मग तू घाबरून ब्रेक दाबतोस आणि खरा कार्यक्रम तिथे सुरू होतो. तेव्हा दुकानवाल्याला सांग थँक्यू, आणि मधोमध सलग रबर असलेला, बाजूला बारीक खाचा असलेला रोड टायर माग. गुळगुळीत दिसला म्हणून घाबरू नको. गुळगुळीत वेगळा आणि झिजून गोटा झालेला वेगळा, गोट्यात रबर संपलेलं असतं, रोड टायरमध्ये ते भरपूर असतं फक्त कोरलेलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. मला हमखास ऐकवतात की काका रेसवाले घाटातून ८०-९० ने उतरतात, तेही बोटाएवढ्या टायरवर, मग आमचा जाडजूड टायर ४५ ला का नाही टिकणार. बरोबर आहे, उतरतात. पण त्यांच्या सायकलचं वजन बघ, सायकल रेसची जागतिक संघटना यूसीआय, तिचा नियम आहे की रेसची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी, म्हणजे सगळे त्याच्याच आसपास असतात, वर बसणारा साठ-पासष्ट किलोचा, रस्ता बंद केलेला, टायर जवळपास नवा, मागून मेकॅनिकची गाडी, आणि तो स्पीड काही मिनिटांचा. तू ८५ चा, सॅक आठेक किलो धर, सायकल किट-बॅटरी धरून पंचवीसच्या घरात, म्हणजे १२० किलोच्या आसपास ऐवज, त्यातला निम्म्याहून बराच जास्त मागच्या चाकावर. आणि तू हे रोज करणार, ऐरोलीच्या सिग्नलपासून विक्रोळीपर्यंत थ्रॉटल दाबून. टायर नुसत्या स्पीडने मरत नाही, स्पीड गुणिले वजन गुणिले खड्डा गुणिले रोज, ह्याने मरतो. २६ च्या टायरचा घेर दोन मीटरच्या जरा वर, म्हणजे ४५ ला चाक सेकंदाला सहा वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत एकदा दबते, एकदा सुटते. हवा कमी असेल तर जास्त दबते, जास्त गरम होते, आतले धागे एकमेकांवर घासतात. पाववाल्याच्या सायकलवर तुझ्यापेक्षा जास्त वजन लादलेलं असतं आणि टायर साधाच असतो, पण तो १२-१५ च्या वर जात नाही, म्हणून टिकतं.

आणि स्पीड डबल केला की मार डबल होत नाही, चौपट होतो. हिशोब करून बघ: २५ ने जाऊन कशावर आपटणं म्हणजे साधारण अडीच मीटरवरून खाली पडणं, पोटमाळ्यावरून पडल्यासारखं. ५० ला तेच जवळपास दहा मीटर होतं, म्हणजे चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. खड्ड्याची कड टायरला जो फटका देते तोही ह्याच हिशोबाने वाढतो. म्हणून २५ ला ज्या खड्ड्याने नुसता दणका बसायचा तोच ४५ ला ट्यूबला दोन समांतर भोकं पाडतो, सापाने डसल्यासारखी, आणि रिमला चेंब आणतो.

तर टायर विकत घेताना काय बघायचं? साइडवॉल. टायरच्या बाजूच्या भिंतीवर काय छापलंय ते दुकानातच मोबाइलचा टॉर्च मारून वाच, दुकानवाला वैतागला तरी.

पहिला आकडा साइजचा. इंचात लिहिलेल्या साइजवर विश्वास ठेवू नको, कारण २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ दोन्ही सव्वीसच, पण एक दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. नीट बघायचा तो ईटीआरटीओ आकडा, ५०-५५९ असा काहीतरी. पहिला टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. तुझ्या एमटीबीचा ५५९ असणार. २७.५ असेल तर ५८४, आणि ७००सी किंवा २९ असेल तर ६२२. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. "जरा ओढून बसवतो" म्हणणाऱ्याकडून चाक परत घे आणि निघ तिथून. असा ओढून बसवलेला किंवा ढिला बसलेला टायर घरी उभ्या सायकलवर काही बोलत नाही, उन्हात हवा तापली आणि स्पीडला असताना ब्रेक मारला की कडेवरून सुटतो.

दुसरं, स्पीडची खूण. साध्या सायकल टायरवर स्पीड छापलेलाच नसतो, कारण बनवणाऱ्याने तो पाय मारणाऱ्या माणसासाठी बनवलेला असतो. युरोपात ४५ पर्यंत जाणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींना मोपेडमध्ये धरतात आणि त्यांच्या टायरला ईसीई-आर७५ नावाची टेस्ट पास व्हावी लागते. ही टेस्ट पास झालेल्या टायरवर वर्तुळात ई आणि शेजारी देशाचा आकडा असतो, किंवा ईसीई-आर७५ असं सरळ लिहिलेलं असतं. श्वाल्बेवाले ह्याच कामासाठी ई-५० अशी खूण वापरतात, म्हणजे ५० पर्यंतच्या ई-बाइकला चालेल. ई-२५ लिहिलेला टायर २५ पर्यंतच्या ई-बाइकचा, तो तुझ्या कामाचा नाही, आणि गडबड इथेच होते कारण पाकिटावर दोन्हीकडे मोठ्या अक्षरात "ई-बाइक" लिहिलेलं असतं. मॅरेथॉन प्लस, बिग बेन प्लस अशा त्यांच्या टायरमध्ये ही खूण मिळते, पण प्रत्येक साइजला असेलच असं धरू नको, हातात घेतलेल्या टायरवर स्वतः वाच. कॉन्टिनेंटलकडेही ५० च्या खुणेचे टायर आहेत. महाग आहेत, एक टायर चार आकड्यांत जातो, लुधियानाच्या साध्या टायरच्या कित्येक पट. आपले राल्सन, मेट्रो वगैरे वाईट नाहीत, सगळी मुंबई त्यांच्यावर फिरते, माझ्या साध्या सायकलला तेच आहेत. पण त्यातला साधा टायर ज्या कामासाठी बनलाय ते काम तू करत नाहीयेस.

तिसरं, हवेचा दाब. भिंतीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही आकडे असतात, किंवा नुसता जास्तीत जास्त. तो जास्तीत जास्त आकडा म्हणजे भरायचा आकडा नाही, ही ओलांडायची नाही अशी रेघ आहे. आणि रिमचीही स्वतःची मर्यादा असते, दोन्हीत जी कमी ती धरायची.

टीपीआय म्हणून अजून एक आकडा दिसेल, एका इंचात किती धागे. रेसवाल्यांना १२० हवा असतो कारण बारीक धाग्याचा टायर लवचीक आणि हलका होतो. तुला ६०-६७ वाला बरा, धागे जाड, भिंत कापायला कठीण. कडेला लोखंडी तार असलेला घेतलास तरी चालेल, घडी होणारा टायर पिशवीत मावतो हा त्याचा फायदा, तुला त्याचं काय करायचंय.

रुंदी किती? मुंबईसाठी ४७ ते ५५ मिमीच्या मधला, म्हणजे साधारण १.७५ ते २.१. ह्याहून बारीक घेतलास तर खड्ड्याची कड आणि रिम ह्यांच्यामध्ये पुरेशी हवाच उरत नाही. ह्याहून जाड घेतलास तर मडगार्डला, चेनस्टेला (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या आडव्या नळ्या) घासायची भीती. टायर आणि फ्रेमच्या मध्ये तुझी करंगळी सहज जाईल एवढी जागा पाहिजे, आणि ती नुसती चाक सरळ फिरत असतानाच नव्हे, रिम थोडी आउट म्हणजे वाकडी झाल्यावरही. हब मोटरच्या चाकाचे स्पोक आखूड आणि ताणलेले असतात, त्यातला एक तुटला की रिम पटकन आउट जाते, आणि टायर फ्रेमला घासून भिंतच खरवडून निघते.

हवा मी अशी भरायला सांगेन: तुझ्या १२० किलोच्या हिशोबाने ५० मिमीच्या टायरला मागे ४५ ते ५० पीएसआय, पुढे ३५ ते ४०, टायरवरच्या मर्यादेत राहून. तिथून सुरू कर आणि सायकलवर बसलेला असताना कोणाला तरी बाजूने बघायला सांग, टायर खाली जरासा दबलेला दिसला पाहिजे. अजिबात दबत नसेल तर हवा जास्त, पेव्हर ब्लॉकवर चाक उड्या मारेल आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. फताडा झालेला दिसला तर कमी. पावसाळ्यात तीन-चार पीएसआय कमी ठेवतात लोक, ठेव, पण मागच्या चाकाला ४० च्या खाली जाऊ नको.

अंगठ्याने दाबून "कडक आहे" म्हणायचं बंद कर. ३० आणि ४५ मधला फरक अंगठ्याला कळत नाही, मलाही कळत नाही. मीटरवाला फ्लोअर पंप घे, एकदाच खर्च. आणि तुझ्या ट्यूबला आपला देशी वॉल्व असेल, तो आतून रबरी नळीवाला, तर त्याच्यावर मीटर खरा दाब दाखवणार नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व असलेली ट्यूब बसव. रिमचं भोक छोटं असेल तर ते साडेआठ मिमीचं करावं लागतं, ते कोणीही ड्रिलवाला करून देतो, फक्त आतली कड कानशीने घासून गुळगुळीत करायला सांग नाहीतर ती ट्यूबला कापते. असा वॉल्व झाला की पेट्रोल पंपावर पण हवा भरता येते असं वाटेल, जपून. पंपावरचा कॉम्प्रेसर कारसाठी असतो, सायकलच्या टायरमध्ये जागा थोडी, क्षणात डबल हवा जाते आणि पोऱ्याचं लक्ष दुसऱ्या गाडीकडे असतं. घरचा पंप बरा.

आता टायर बसवल्यावरची गोष्ट, जी नव्वद टक्के पंक्चरवाले करत नाहीत कारण त्यांना घाई असते. टायरच्या भिंतीवर, रिमच्या अगदी वर, एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. अर्धी हवा भर, २०-२५ पीएसआय. सायकल उलटी कर, चाक हाताने हळू फिरव आणि फक्त त्या रेघेकडे बघत राहा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. कुठे ती रिमच्या आत बुडाली तर तिथे टायर खाली बसलाय, कुठे वर आली तर तिथे कड बाहेर निघायच्या बेतात आहे. वॉल्वजवळ हमखास गडबड असते, कारण तिथे ट्यूबचा जाड भाग टायरच्या कडेखाली अडकतो. वॉल्व बोटाने आत ढकल, टायर दोन्ही अंगठ्यांनी चेपून सारखा कर, परत बघ, मग पुरती हवा भर. मग परत एकदा फिरव, बाजूने नाही, मागून बघत. टायर डावी-उजवीकडे नागमोडी चालला तर तो नीट बसलेला नाही किंवा आतले धागे तुटलेत. माझ्याकडे एक पोरगा आला होता, मागचा टायर वॉल्वपासून चार बोटांवर टेंगूळ आल्यासारखा वर आलेला, त्याला वाटत होतं मोटर हादरतेय म्हणून मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर बदलून झाला होता त्याचा. टायर काढला तर आत धाग्यांचा थर बोटभर फाटलेला, ट्यूब तिथून बाहेर यायला बघत होती. हायवेवर ती फुटली असती तर मागचं चाक म्हणून कदाचित वाचलाही असता. पुढचं असतं तर मी हे वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं.

तेच पुढचं सांगतो. दोनपैकी एकाच टायरचे पैसे असतील तर चांगला टायर पुढे. लोक उलटं करतात, मोटर मागे आहे, झिजतो मागचा, म्हणून नवा मागे टाकतात आणि जुना पुढे सरकवतात. मागचा फुटला तर सायकल शेपूट हलवते, भीती वाटते, पण सरळ राहून थांबता येतं. पुढचा फुटला तर हँडल तुझ्या हातात राहत नाही. झिजलेला टायर पुढे कधीच नाही.

रिमकडे पण बघ, टायर एकटा काही करत नाही. रिमची आतली रुंदी १९-२५ मिमी असेल तर ५० च्या टायरला ठीक. रिमच्या कडेला आतून हुक असतो का बघ, टायरला धरून ठेवणारा वळवलेला ओठ. जुन्या काळ्या सायकलींच्या लोखंडी रिमला तो नसतो, तिथे जास्त हवा भरून स्पीड मारणं म्हणजे टायर उतरण्याची वाट बघणं, शिवाय ओल्या लोखंडी रिमवर रबराचे ब्रेक लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ॲल्युमिनियमची रिम असेल आणि ब्रेक रिमवर लागत असतील तर ब्रेक घासून घासून रिमची भिंत बारीक होते. बोट फिरवून बघ, खोलगट लागली तर ती रिम स्पीडच्या सायकलला नको, हवेच्या दाबाने भिंत उघडते. मुंबईत पावसात वाळू-चिखल ब्रेक शूजमध्ये अडकून हे लवकर होतं. डिस्क ब्रेक असेल तर हा प्रश्नच नाही.

पंक्चर. हायवेवर मुख्य शत्रू खिळा नाही, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली केसासारखी स्टीलची तार. ती टायरमध्ये घुसते, दिसत नाही, पंक्चरवाला ट्यूब काढून पॅच मारून देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत पंक्चर. उपाय सोपा, टायरच्या आतून कापसाचा बोळा गोल फिरव, तार असेल तिथे कापूस अडकतो. हब मोटरचं चाक काढायला जड, वायरचा कनेक्टर सोडवा, मोठा पाना लागतो, टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू नये म्हणून लावलेली पट्टी) सोडा, म्हणून चाक न काढताच एका बाजूने टायर उघडून ट्यूब बाहेर ओढून पॅच मारायला शीक. एक पाना मात्र सॅकमध्ये ठेव. आतून जाड रबराचा थर असलेला टायर घेतलास, मॅरेथॉन प्लसमध्ये असा ५ मिमीचा थर असतो, तर हे प्रकरण बरंच कमी होतं, बसवताना मात्र अंगठे दुखतात. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, टाकलंस तरी चालेल, बारीक भोकांना चालतं, काचेने टायर कापला गेला तर नाही.

पंक्चरला कंटाळून सॉलिड टायर, तो बिनहवेचा, टाकू नको. डिलिव्हरीवाल्या पोरांना विकतात काही जण. कमी स्पीडला चालून जातो, पण ४५ ला ओल्या रस्त्यावर तो धरत नाही, प्रत्येक खड्डा थेट स्पोकवर आणि मोटरच्या ॲक्सलवर जातो.

टायर फेकायचा कधी? आतला रंगीत थर किंवा धागे दिसले, भिंतीला नखाने उघडतील अशा भेगा पडल्या, कुठे फुगा आला, किंवा कापलेल्या जागेतून ट्यूब दिसते, ह्यातलं एक जरी झालं तरी. वरची नक्षी चांगली दिसते म्हणून ठेवू नको. आपल्याकडे दमट हवा आणि बिल्डिंगखाली उन्हात उभी सायकल, भिंती नक्षीच्या आधी जातात. आतून चपलेच्या रबराचा तुकडा लावून चालवायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, ती घरी पोहोचण्यापुरती, थ्रॉटलला हात न लावता.

मोपेडच्या टायरचं. मोपेडच्या टायरवर २.५०-१६ ४१एल असं काहीतरी छापलेलं असतं. ४१ म्हणजे १४५ किलो वजन, एल म्हणजे १२० चा स्पीड, म्हणजे कागदावर एकदम भारी. पण मोपेडचा १६ हा रिमचा आकडा आणि सायकलचा २६ हा टायरच्या बाहेरचा, दोन वेगळे हिशोब. १६ इंची मोपेड रिम ४०५ मिमीची, म्हणजे २० इंची बीएमएक्सच्या ४०६ च्या जवळपास. त्यामुळे तुझ्या ५५९ च्या रिमवर मोपेडचा टायर बसायचा प्रश्नच नाही. बसवायचा तर चाकच बदलावं लागेल, मोपेडची रिम हब मोटरला स्पोक मारून बांधावी लागेल, सायकल खाली बसेल, पेडल वळणावर रस्त्याला घासेल, आणि सायकलच्या फोर्कमध्ये तेवढी जागा असेल तर. मी बांधून दिलीयेत अशी चाकं, त्यासाठी बनवलेल्या जाड फ्रेमला. तुझ्या एमटीबीला नाही देणार. बीएमएक्सच्या रिमवर मोपेडचा टायर चढवणारेही आहेत, आकडे जुळतात म्हणून, पण रिम अरुंद असते आणि तिची कड त्या टायरसाठी बनलेली नसते.

आणि कटू आहे पण सांगतो, कारण टायरशी त्याचा संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे २५० वॉटच्या आतली मोटर, २५ च्या आत मदत बंद होणारी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, एवढीच सायकल "सायकल" धरली जाते. त्याच्यावर गेलास की ती मोटार वाहन, म्हणजे नंबर प्लेट, लायसन, इन्शुरन्स, सगळं, आणि घरी किट लावलेल्या सायकलला ते मिळत नाही. उद्या तुझ्या सायकलने कोणाला लागलं तर टायर ई-५० होता हे ऐकून कोणी सोडणार नाही. किटवाला विकताना हे सांगत नाही. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्पीड लिमिट लावायची सोय असते, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये. २५ ला लावलीस तर वरचं अर्धं लिखाण तुला लागणारच नाही, एक चांगला साधा रोड टायर आणि वेळच्या वेळी हवा, संपलं. मुलुंड ते बीकेसी २५ ने किती वेळ जास्त लागतो ते एक आठवडा करून बघ, सकाळी कांजूरपासून पुढे तसाही ट्रॅफिकमध्येच उभा असतोस. रोज ४५ च पाहिजे असेल तर ई-लूना किंवा सेकंडहँड मोपेड बघ, फ्रेम, ब्रेक, टायर सगळं त्या स्पीडसाठी बनलेलं आणि कागदपत्रांसकट मिळेल.

तरीही तुझा निर्णय तुझा. टायर बदलायचेच आहेत हे मात्र कुठल्याही स्पीडला खरं, ते ठोकळेवाले उतरव. ५०-५५९, ई-५० ची खूण, पुढे-मागे दोन्ही, नव्या ट्यूब आणि नवी रिम टेप सोबत. नव्या टायरवर साच्यातला चिकट-बुळबुळीत थर असतो, पहिले काही किलोमीटर वळणावर कलू नको. घ्यायच्या आधी मला तीन गोष्टी कळव: रिमवर छापलेला आकडा, मागच्या मडगार्डच्या आतली रुंदी मोजपट्टीने, आणि ब्रेक डिस्क आहेत की रिमवरचे. व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे, असतील तर ५० चा टायर हवा भरलेला असताना ब्रेकमधून चाक निघत नाही कधीकधी, त्याप्रमाणे ४७ घ्यायचा की ५० ते सांगतो.